पत्ता त्याच्या दुकानाचा

कामतघरला त्याचा सायबर कॅफे होता. माझ्या कथांचा ब्लॉग तोच सांभाळायचा. मी पासवर्ड टाकताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. मला हसू यायचं. ब्लॉगवर पत्ता त्याने स्वतःच्या दुकानाचा दिला होता. "कथा वाचून कोण भांडायला आला तर माझ्या दारात येऊ दे, ताई."

एकदा खरंच एक जण आला. मी नवी कथा टाकायला बसले होते. "कुठंय ती लेखिका?" म्हणत त्याने कॅफेवाल्याची कॉलर धरली.

"ती हितं न्हाय. मी हाय, बोला." शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटातही त्याचा आवाज चढला नाही. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

माणूस शिव्या देत निघून गेला.

कॉलर सारखी करत तो भिंतीकडे वळला. "टाका पासवर्ड, ताई."