खाडीच्या गाळाखालची रेती

उरणजवळच्या आमच्या गावात आत्या नेहमी सांगायची, की पूर्वी समुद्र आत शिरला आणि त्याने जुनं गाव गिळलं. आम्ही हसायचो. गेल्या वर्षी एक संशोधक बाई आल्या. गाळाचे थर तपासायला त्यांनी खाडीत ठोकलेली नळी ओढायला मी मदत केली. वरचा हातभर गाळ काळाकुट्ट होता. त्यात तेल, गुटख्याच्या पुड्या, डायपरचा कुजका तुकडा. त्याखाली मात्र शिंपल्यांची पांढरी रेती निघाली.

"समुद्र एकदा इथवर आला होता असं दिसतंय," बाई म्हणाल्या.

काठावर बघायला आलेल्या आत्याने रेतीकडे पाहिलंही नाही. काळ्या गाळावर थुंकून ती म्हणाली, "रेती दर्यानं आनली, मंग ह्यो काय आनलाव आपन?"

घरी तीनदा हात धुतले, तरी वास जाईना. त्या दिवशी ताटातली खाडीची मासळी मला खाववली नाही.