चालु चिट्टी

या, जवळ बसा जरा. लांबून काय वाचता? आणि आधी एक रागावून घेते तुमच्यावर. इथं तुम्ही सगळे अनुभव टाकता, त्यात प्रत्येक वेळी अमावास्या, प्रत्येक वेळी पिंपळ, आणि गाडी नेमकी तिथंच बंद पडते. असं कसं हो? माझा अनुभव भर दुपारी साडेबाराचा आहे, डाळ-भाताच्या पंगतीतला. आणि मी असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. आजही ठेवत नाही... पण हे घडलं, त्याला मी काय करू?

साल चौऱ्याहत्तर किंवा पंच्याहत्तर असेल. सोलापुरात सात रस्त्यापासून थोडं आत एका ट्रस्टचं दगडी घर होतं. पुढं पत्र्याची शेड. त्या काळी सरळ 'मतिमंद' म्हणायचे, आता शब्द बदललेत, बरं झालं. तर अशी मोठी, वयानं वाढलेली तीसेक माणसं तिथं असायची. काही कायमची राहणारी, काही नुसती दिवसाची. म्हणजे घरच्यांनी सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. शेडमध्ये बसून ती कांड्या भरायची, मागासाठी सूत गुंडाळायचं काम. मी स्वयंपाक आणि वाढप बघायची. सगळे मला नंदाताई म्हणत. इतकी गलबल, इतकं हसणं... कांड्या कमी आणि गाणी जास्त. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

दिवसाच्या माणसांत एक राजव्वा होती. पंचविशीची, उंचीपुरी, तेलुगू घरातली. एक शब्द बोलायची नाही. तिची एकच अडचण – जेवताना थांबायचं कुठं ते तिला कळायचं नाही. वाढाल तेवढं खायची, उलटी होईपर्यंत. म्हणून तिची आई लक्ष्मव्वा विड्यांच्या कारखान्यातून रोज दुपारी पळत यायची, शेजारी बसायची. पुरेसं झालं की लेकीच्या ताटावर पदर धरायची आणि हळूच म्हणायची, "चालु." की राजव्वाचा हात थांबला. दुसऱ्या कुणाचंही ती ऐकायची नाही.

आता माझं माहेर अक्कलकोटकडचं. घरी कानडी, शाळेत मराठी, तेलुगूचा गंध नाही. मी नवीन असताना एकदा लक्ष्मव्वाला उशीर झाला. ती फाटकातूनच हात हलवत ओरडत आली, "चालु, चालु." मला वाटलं म्हणतेय चालू ठेवा. मी आणखी दोन डाव भात वाढला. मग व्हायचं तेच झालं, सगळं माझ्या लुगड्यावर.

"मी चालु म्हनते, तर तुमी अजून वाढते?" लक्ष्मव्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "चालु म्हंजे बस. पुरे."

"आमच्यात चालू म्हणजे चालू की हो, बाई."

"मग तुमच्यात बंद करायला काय म्हनते?"

"बंद."

ती इतकी हसली... तेव्हापासून आमची गट्टी. मला येता-जाता "काय नंदाताई, बंद का?" म्हणायची.

पुढल्या उन्हाळ्यात लक्ष्मव्वा वारली. छातीचं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. राजव्वाला आम्ही कायमचं ठेवून घेतलं. पण जेवणाचं काय करायचं? मी ताटावर पदर धरून "चालु" म्हणून बघितलं. ऐकेना. ताट ओढलं तर किंचाळायची, शेजारच्याच्या ताटात हात घालायची. एक दिवस घास अडकला आणि ओठ निळे पडले तिचे. पाठीत धपाटे घालून घालून कसाबसा काढला.

आमचे व्यवस्थापक साहेब माणूस वाईट नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "हिला पुण्याला पाठवू. वेड्यांच्या इस्पितळात."

"ती वेडी आहे का, साहेब?"

"नंदाताई, घास अडकून मेली तर जबाब कोण देणार, तुम्ही?"

मी भांडी आवरायला घेतली. पण त्या रात्री मला घास गेला नाही. जी पोरगी दुपारी आई दिसली नाही तर फाटकाला चिकटून उभी राहायची, ती तिथं अनोळखी खाटेवर काय करेल?

त्याच आठवड्यात बिरू आला. माळशिरसकडच्या मेंढपाळाच्या घरचा, चाळिशीचा गडी. त्याच्या भावानं आणून सोडला.

"ताई, ह्यो बोलत न्हाय. मेंढरास्नी हाक मारतो तेवडीच," भाऊ म्हणाला. "पन बसवाल तितं बसतो."

"सोलापूर बघितलंय का यानं कधी?"

"कुटलं हो. एस्टीत बी आजच बसलाय. लई भ्याला."

बिरू तीन दिवस घोंगडं पांघरून कोपऱ्यात बसून राहिला. मधूनच "हुर्र" करायचा, सगळे हसायचे.

शनिवारी दुपारी पंगत बसली होती. साहेब पुण्याला द्यायची चिठ्ठी हातात घेऊनच दारात आले. म्हणाले, सोमवारी गाडीनं न्यायचं, हिचे कपडे बांधा. मी म्हटलं, "आठवडाभर तरी बघू की, साहेब." तिकडं राजव्वाचा हात भराभर चाललेला. मी ताट ओढायला वाकले...

तेवढ्यात समोरच्या रांगेतून बिरू उठला. सावकाश आला. घोंगड्याचं टोक राजव्वाच्या ताटावर धरलं आणि जाड्या आवाजात, पण अगदी स्पष्ट म्हणाला, "चालु चिट्टी."

राजव्वाचा हात थांबला. तिनं बोटं चाटली, त्याच्याकडं बघितलं आणि हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

साहेब हातातल्या कागदाकडं बघत राहिले. "चालू चिठ्ठी? याला चिठ्ठीचं कुणी सांगितलं?"

कुणीच नव्हतं सांगितलं. मलाही तेव्हा वाटलं तो कागदाबद्दलच बोलला, पुरे ती चिठ्ठी, असं. साहेबांनी चिठ्ठी खिशात घातली, म्हणाले, "सोमवारी बघू." पण रात्रीच्या जेवणाला बिरूनं तेच केलं. रविवारीही. ती चिठ्ठी कधी पुण्याला गेली नाही.

महिन्याभरानं लक्ष्मव्वाची धाकटी बहीण आली, राजव्वासाठी आईची दोन लुगडी घेऊन. मी तिला हसत हसत चिठ्ठीची गंमत सांगितली. ती हसली नाही. भिंतीला टेकून खालीच बसली.

"चिठ्ठी न्हाई. चिट्टी. चिट्टी म्हंजे बारकी, छोटी," ती म्हणाली. "अक्का घरात म्हनायची. दार लावून. गल्लीत लोकं हसायची ना, एवडी मोठी पोरगी आणि चिट्टी. तुमाला कुनी सांगितलं?"

मी बिरूकडं बोट दाखवलं. ती त्याच्याजवळ जाऊन तेलुगूत बरंच काही विचारत बसली. बिरूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हुर्र."

तुम्ही म्हणाल, 'चालु' मीच रोज म्हणत होते, ते त्यानं उचललं असेल. पटतं. पदराचंही माझ्याकडं बघूनच केलं असेल. पण चिट्टी? ते मला ठाऊक नव्हतं. राजव्वा बोलत नव्हती. जी बाई ते म्हणायची ती जाऊन महिना झाल्यावर हा गडी एस्टीतून उतरला होता, आणि तिच्या बहिणीनं तर त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं. मी डॉक्टरांना विचारलं, आमच्या मठातल्या स्वामींना विचारलं. दोघांनीही मान हलवली, एकानं आडवी, एकानं उभी.

बिरू आठ वर्षं राहिला, मग भाऊ घेऊन गेला. तो गेला त्या दिवशी भीत भीत मीच ताटावर पदर धरला आणि ते दोन्ही शब्द म्हटले. राजव्वा थांबली. माझ्यानंतर आलेल्या पोरींनाही मी शिकवून ठेवलंय.

राजव्वा अजून तिथंच आहे. सत्तरी उलटली, केस पांढरेफेक. मावशीही आता नाही. रविवारी बाकीच्यांची माणसं येतात, तेव्हा ही फाटकाजवळच्या बाकावर बसून प्रत्येकाचं तोंड निरखते. माझे गुडघे गेलेत, एकटीला रिक्षात चढवत नाही. तेव्हा सोलापूरला कुणी येणार असाल तर आधी माझ्याकडं या, मला हात द्या, आपण मिळून जाऊ. फाटकातून आपल्यासाठी कुणी आत आलं की तिचा चेहरा कसा होतो, ते एकदा बघा. येत्या रविवारीच या की.