खरवडलेलं उणे चिन्ह

कांबळे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी काट्यासमोर बसलो होतो. आमच्या कामातला काटा काचेच्या पेटीत असतो, नुसता श्वास लागला तरी आकडा हलतो, म्हणून वजन घेताना फोन उचलायचा नाही ही सरांचीच शिकवण. फोन वाजत राहिला. मी आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो, वहीत लिहिला आणि मग परत फोन लावला. त्यांची मुलगी प्रज्ञा एवढंच म्हणाली, “युवराजदादा, पप्पा गेले... सकाळचा चहा घेतला आणि बसल्या जागी गेले.” मी “येतो” म्हणालो आणि पुन्हा काट्याकडे बघत राहिलो. त्याला आता सहा आठवडे होतील.

सर कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे आणि त्यांचं सगळं संशोधन धातूंच्या झिजेवर होतं. एक धातू दुसऱ्यावर घासला की कोण किती झिजतो आणि कोणता थर चढवला तर ही झीज आटोक्यात येते, एवढ्या एका प्रश्नात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. आमची चाचणी ऐकायला सोपी. थर दिलेली, बोटाच्या पेराएवढी पिन फिरत्या पोलादी चकतीवर दाबून धरायची आणि तासन्‌तास घासू द्यायची. आधीच्या वजनातून नंतरचं वजन वजा केलं की उरते ती झीज. सर मूळचे मलकापूरचे. त्यांचे वडील रत्नागिरी रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. सर ते कधी लपवायचे नाहीत आणि मिरवायचेही नाहीत. “आमच्या आबांच्या घणाचं तोंड झिजायचं, ते कुणी मोजलं नाही. मी मोजतोय,” एवढंच म्हणायचे. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी जरासं वाढवलेलं होतं. ते धातूवरून हलकेच फिरवून पृष्ठभाग किती खरखरीत आहे ते सांगायचे, आणि मग यंत्र बहुतेक वेळा तेच सांगायचं. हॉटेलात बसलो तरी आधी टेबलावरून नख फिरणार, मग मिसळ मागवली जाणार. आम्ही विद्यार्थी त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा करायचो आणि तेही हसायचे.

मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला होतो. राधानगरीकडच्या शेती आणि दूधदुभत्याच्या घरातला, घरात इतकं शिकणारा पहिलाच, त्यामुळे घाई फार. सरांचा एकच कडक नियम होता : प्रयोगाच्या वहीत खोडायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि पुढं लिहायचं. एका नव्या, फार कठीण थराच्या चाचण्या तेव्हा सुरू होत्या. त्यावरचा शोधनिबंध पाठवायची मुदत जवळ आली होती आणि त्यांचे आबा आजारी म्हणून सर चार दिवस मलकापूरला गेले होते. जास्त भाराच्या शेवटच्या चाचणीत वजाबाकी केली तर उत्तर आलं उणे. घासून घासून पिन हलकी व्हायच्या ऐवजी दोन मिलिग्रॅम जड झाली होती. झीज उणे कशी असेल? मला वाटलं, वजन घेताना मीच काहीतरी घोळ घातला. पुन्हा चाचणी घ्यायची तर मुदत हुकणार, आणि सरांना विचारायचं तर घोळ कबूल करावा लागणार. दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मी दाढीच्या ब्लेडनं त्या आकड्यापुढचं उणे चिन्ह हळूहळू खरवडून काढलं आणि कागदावर फुंकर मारली. उरलेला आकडा फार सुंदर दिसत होता. एवढ्या भाराखाली फक्त दोन मिलिग्रॅम झीज. सर परत आले, त्यांनी माझ्यावर विसंबून निबंध पाठवला आणि तो छापूनही आला.

वर्षभरानं शाहूपुरीतले पंप बनवणारे एक कारखानदार सरांकडं आले. सरांच्याच सल्ल्यानं त्यांनी पंपाच्या शाफ्टवर तो थर दिला होता. त्यांनी पिशवीतून शाफ्ट काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “सर, थर लई झकास हाय तुमचा. अजून नवा कोरा हाय बघा. पन आतला बुश कुठं गेला ते सांगा की.” बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते पितळी कडं. ते खाऊन खाऊन पत्र्यासारखं झालं होतं. सरांनी शाफ्टवरून नख फिरवलं, थराला चिकटलेलं पितळ त्यांना लगेच लागलं. मग त्यांनी मला वही आणायला सांगितली. पान उघडून त्यांनी आकडे वाचलेच नाहीत... नख त्या ओळीवरून फिरवत नेलं आणि एका जागी थांबले. “युवराज,” ते म्हणाले, “इथं कागद झिजलाय.”

पिन जड झाली होती कारण तिनं समोरच्या चकतीचा धातू ओरबाडून स्वतःवर घेतला होता. तो थर स्वतः टिकत होता आणि जोडीदाराला खात होता, आणि हे सांगणारं एकमेव चिन्ह मी पुसलं होतं. सरांनी कारखानदारांना बसवून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, “चूक आमच्या मोजण्यात झाली. थर काढून टाका.” मला बाहेर नेऊन म्हणाले, “तुझं अजून सगळं व्हायचंय. सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घे. मी शेजारी बसणार नाही.” त्याच आठवड्यात त्यांनी निबंध मागं घेतला. कारण लिहिलं : “नोंद करताना माझ्याकडून चूक झाली.” खाली सही फक्त त्यांची.

त्याची किंमत त्यांनी मोजली. पुढचा प्रकल्प मिळाला नाही, विभागप्रमुखपद त्यांच्याकडं येणार होतं ते दुसऱ्याकडं गेलं. कॉलेजबाहेरच्या टपरीवर एकजण म्हणाला, “असंच असतंय त्यांचं.” त्यांचं म्हणजे कुणाचं, ते कुणाला विचारावं लागलं नाही. चूक माझी म्हणून कळली असती तर कुणी माझ्या घराण्याचं नाव काढलं नसतं. सरांनी न केलेल्या चुकीला मात्र त्यांची सगळी वस्ती जोडली गेली. मी ते ऐकलं, हूं की चूं केलं नाही, चहा संपवला आणि प्रयोगशाळेत परत गेलो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, त्या ब्लेडपेक्षा जास्त.

पुढं माझी पीएच.डी. झाली, नोकरी लागली, आज थरांच्या चाचण्या करूनच माझं घर चालतं. दरवर्षी एकदा तरी सरांकडं जाताना ठरवायचो की आज विषय काढायचा. एकदा काढलाही... “सर, ते त्या वेळचं...” त्यांनी मध्येच विचारलं, “म्हशी किती आहेत आता घरी?” मी सुटलो आणि म्हशींबद्दल बोलत बसलो. गेल्या महिन्यात महाविद्यालयात शोकसभा झाली. एक वक्ते भरल्या आवाजात म्हणाले, “माणूस म्हटलं की चूक होते. सरांकडूनही एकदा झाली, पण त्यांनी ती मोठ्या मनानं मान्य केली.” लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकट्याच होत्या. मी बसलो आणि पाणी यायच्या आत सगळं सांगून टाकलं. काकू तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे ती चूक ह्यांची न्हवतीच व्हय?”

“नव्हती, काकू. माझी होती.”

त्या खाली बसल्या. “मी त्यांना म्हणायचे रे... रोज म्हणायचे. चष्मा लावून लिवत जावा, चष्मा न लावल्यानं घात झाला तुमचा. कधी एका शब्दानं बोलले न्हाईत. मी म्हटलं की गप उठायचे, चष्मा लावायचे आणि बसायचे लिवायला. एकदा तर माझ्या समाधानासाठी नंबर तपासून आले. म्हणाले, हाय तोच हाय.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता त्या मला जा म्हणतील, आणि ते योग्यच झालं असतं. पण त्या म्हणाल्या, “मला सांगितलंस, बरं केलंस. पन मी कुनाकुनाला सांगत फिरू? तू लिवून दे. पेपरात दे, तुझ्या नावासकट.”

सरांच्या टेबलावर त्यांचा चष्मा अजून आहे. काकू तो रोज पुसतात आणि उघडून, वहीकडे तोंड करून ठेवतात. म्हणून हे लिहून देतो. त्या आकड्यापुढचं उणे चिन्ह मी, त्यांच्या विद्यार्थ्यानं, ब्लेडनं खरवडलं होतं. सरांना नीट दिसत होतं.