देवरामचा ठोका

सातपूरच्या आमच्या कारखान्यात देवराम ओतीव भाग हातोडीनं वाजवून आतली चीर सांगायचा. एकदाच तो चुकला, तर त्या हलकट साठेसाहेबानं त्याला सगळ्यांसमोर गुडघ्यांवर रांगत मशीनखालचा लोखंडी कीस वेचायला लावलं.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात अंधशाळेसाठी देणग्या गोळा करायला कारखान्यातले आम्ही सगळे, साठेसाहेबासकट, हिमालयातलं गोठलेलं तळं पायी ओलांडायला गेलो. मधोमध देवरामनं काठीनं बर्फ ठोकला अन् ओरडला, "सायेब, तुमच्या वजनाला बर्फ पातळ हाय! रांगत चला!"

साहेब थेट पलीकडच्या काठापर्यंत रांगले. सगळे बघत होते. मी तर रोल संपेपर्यंत फोटो काढले.

काठावर मी विचारलं, "खरंच पातळ होता?"

"ऐरणीवानी खणखणीत वाजला," देवराम म्हणाला. "ह्या खेपेला चुकलो नाय."