शेठ ऐकतात कुणाचं?

आमच्या सासऱ्यांनी बत्तीस वर्षं बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या. घरी मात्र ते अशा थाटात सांगायचे, की जणू सगळ्या गाड्या त्यांच्याच हुकमाने सुटत होत्या. निवृत्त झाल्यावर माणूस जरा गप्प बसेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! दोन महिन्यांत त्यांनी समुद्राकाठच्या छोट्याशा प्राणिउद्यानात पुन्हा माइक मिळवला.

उद्यान म्हणजे कासवांचं एक टाकं, तोंड उघडायला तयार नसलेले चार पोपट, दोन गाढवं आणि एक म्हातारा सी-लायन. पोटाचा घेर आणि कुणालाही न जुमानण्याचा स्वभाव बघून सगळे त्याला शेठ म्हणतात. रोज बारा वाजता शेठचा खेळ असतो. बाबा माइकवर म्हणणार, "शेठ, पाण्यात उतरा!" की शेठ उतरणार. "शेठ, आवाज द्या!" की शेठ भुंकणार. जेवायला बसलं की आम्हाला हेच ऐकावं लागायचं. माझा नवरा ताटातून मान वर काढायचा नाही आणि मी "हो का?" म्हणून भाजी वाढायचे. विश्वास होता तो फक्त आमच्या सात वर्षांच्या बिट्टीचा. तिने ही बातमी वर्गभर करून टाकली.

वर्गातल्या दोन मैत्रिणी म्हणाल्या, "खोटं बोलतेस तू." झालं, बिट्टी हट्टाला पेटली. शेवटी तिघींना उद्यानात न्यायचं म्हणून मी कपड्यांच्या दुकानातल्या कामावरून एक दिवसाची सुट्टी काढली. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात, तर म्हटलं, निदान एक दिवस बसायला मिळेल. बाबा कामावर निघाले तेव्हा बिट्टीने त्यांना बजावलं, "आजोबा, आज माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे हं." बाबा हसले, पण उजवी चप्पल डाव्या पायात घालून दारापर्यंत गेले. आज म्हातारा तोंडावर आपटणार, असं माझ्या मनात आलं. आणि खरं सांगते, मला त्याची थोडी मजाच वाटत होती.

बसण्याचं म्हणाल, तर दोन तास मी पळतच होते. एकीला गाढवावर बसायचं होतं, दुसरीला कासवं मोजायची होती आणि कासवं काही एका जागी थांबत नव्हती. बारा वाजता एकदाच्या आम्ही शेठच्या तलावासमोरच्या पहिल्या बाकावर बसलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माइक धरून उभे. शेजारी मासळीची बादली घेऊन शिट्टीवाल्या बाई, म्हणजे शेठला खायला घालणाऱ्या.

"शेठ, जरा मान वर करा!" शेठने मान वर केली. "शेठ, पाण्यात उतरा!" धपकन उडी, आम्ही ओल्याचिंब. "शेठ, आवाज द्या!" असा काही भुंकला की मागचं एक बाळ रडायला लागलं. लोक टाळ्या वाजवत होते. बिट्टी मैत्रिणींकडे अशी बघत होती, की विचारू नका. माझंही तोंड उघडंच राहिलं होतं.

तेवढ्यात बिट्टी बाकावर उभी राहून ओरडली, "आजोबा, त्याला सांगा ना, माझ्याशी हात मिळवायला!"

लोकांनीही गलका केला. "हो हो, हात मिळवा!" शेठने आमच्याकडे पाठ फिरवली आणि कठड्यावर आडवा झाला. बाबांची चांगलीच पंचाईत झाली. शिट्टीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "शेठ दमलेत म्हणून सांगा आणि सोडा." बाबांनी मान डोलावली, माइक तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. कपाळाला घाम. आता मात्र मला मजा वाटेनाशी झाली. बोला काहीतरी, बाबा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

"बिट्टी," ते माइकवरच म्हणाले, "तो माझं ऐकत नाही. एकदाही ऐकलेलं नाही."

लोक हसले. मैत्रिणींनी एकमेकींना कोपर मारलं. बिट्टीचं तोंड एवढंसं झालं.

"मी नुसता बघतो त्याच्याकडे," बाबा म्हणाले. "सकाळपासून बघत बसतो. नाकपुड्या मिटल्या की तो बुडी मारणार. गळा फुगला की भुंकणार. तो करणार असतो तेच मी आधी बोलतो. घरी जरा वाढवून सांगितलं मी. चुकलं माझं." मग त्यांनी हात पुढे केला. "ये. तू बघ."

बिट्टी गेली, पण फुरंगटूनच. बाबांनी तिला कठड्याजवळ उभं केलं आणि माइक तिच्या हातात दिला. ती बघत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागच्या बाकावरचे दोघे कंटाळून उठले. मग शेठने मान ताणली, मिशा थरथरल्या. बिट्टी घाईघाईने म्हणाली, "शेठ, जांभई द्या!"

शेठने जांभई दिली. एवढी मोठी, की घशापर्यंतचं सगळं दिसलं. लोकांनी तलाव डोक्यावर घेतला. शिट्टीवाल्या बाईंनी शेठला मासा दिला आणि बिट्टीची पाठ थोपटली. बाबा चष्मा पुसत होते आणि पुसून झाला तरी पुसतच होते.

परतीच्या बसमध्ये एक मैत्रीण म्हणालीच, "पण तुझ्या आजोबांचं तो ऐकत नाही."

"नाही ऐकत," बिट्टी म्हणाली. "पण न विचारता त्याच्या मनातलं कळतं आजोबांना. तुझ्या आजोबांना कळतं?"

बाबा माझ्या शेजारी बसले होते. लग्नाला नऊ वर्षं झाली. "सूनबाई, आता चहा टाक", "सूनबाई, आता दार लाव" हे ऐकून माझं डोकं फिरायचं. उठतेच आहे ना मी, मग हुकूम कशाला? कितीदा मी भांडी आपटली असतील. हुकूम कुठे सोडत होता हा माणूस, नुसता बघत होता!

खिडकीतून ऊन येत होतं. बाबांनी मांडीवरची पिशवी बाजूला केली, खांदा माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, आता घटकाभर झोप."

माझे डोळे मिटतच आले होते.