न्हाणीतली फरशी

अमरावतीच्या आमच्या घरात न्हाणीतली मोठी फरशी तडकली होती आणि पाणी भिंतीत मुरत होतं. ती बदलायला भातकुलीकडचा एक गवंडी आला. चाळिशीचा असेल. काम करताना जिभेचं टोक ओठांत धरायची त्याला लहान मुलासारखी सवय होती.

उकिडवा बसून तो छन्नीने दरजांमधला जुना चुना खरवडत होता. मी चहा घेऊन गेले तर फरशीवर रक्त. छन्नी घसरून त्याची दोन बोटं सोलली होती आणि तो आपला खरवडतच होता.

"अहो मिस्त्री, हात बघा! दुखत नाही का?"

त्याने बोटांकडे पाहिलं आणि चेहरा उतरला. मनगटावरचा फिकट चट्टा त्याने घाईने सदऱ्याखाली झाकला.

"दुखलं असतं त काय पाह्यजे होतं, बाई! या हाताले काईच समजत नाई आता. कोनाले सांगू नका. काम बंद होईन माहं."

"महारोगावर औषध निघालंय आता. दवाखान्यात जा."

"तिथं जाताना कोनी पाह्यलं त?"

मी कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याने नवी फरशी बसवली, रक्त धुऊन काढलं. कपबशीला मात्र हात लावला नाही.

दोन-तीन वर्षांनी चांदूर रेल्वेच्या स्टेशनाबाहेर भीक मागणाऱ्यांत तो दिसला. दोन्ही हातांची बोटं आत वळली होती. मी जवळ जाऊन "मिस्त्री" म्हटलं.

"कोन मिस्त्री, बाई?" तो म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.