आबांचा डावा पाय आणि आमचं मशीन

ड्रेसिंगरूममध्ये सतरा वर्षं काढली की जखमा विसरायला होतात, माणसांची बोलणी तेवढी राहतात. त्यात हल्ली आमच्या शिरूरच्या छोट्या हॉस्पिटलात नवी तऱ्हा आलीय. शरीर स्वतःच बरं होतं, आपण फक्त त्याची वाट मोकळी करून द्यायची! हे पेशंटला समजावून सांगायचं काम सिस्टरचं, म्हणजे माझं. मग किस्से साठायला किती वेळ लागतो?

*

तळेगाव ढमढेऱ्याच्या आप्पांचा गुडघा दुखायचा. त्यांचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवायचं आणि त्यातला झीज भरून काढणारा भाग गुडघ्यात टोचायचा, असं ठरलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोराला पुढं केलं.

"ह्याचं घ्या. तालमीतलं रगात हाय. माझं सत्तरीचं."

दुसऱ्याचं चालत नाही, डॉक्टर म्हणाले.

आप्पा बाही वर करत म्हणाले, "मग गुडघाबी सत्तरीचाच निघंल. मागनं तुम्ही तक्रार करू नका."

*

भांडगावचे आबा आले ते पाय कापायच्या तयारीनंच. शुगरमुळे डावं पाऊल सडलेलं. दुसऱ्या दवाखान्यात घोट्याच्या वर कापायला सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली, जखम साफ केली, तिच्यात स्पंज भरला, वरून प्लास्टिक चिकटवलं आणि नळी व्हॅक्यूम मशीनला जोडली. मशीन घाण ओढून घेतं, खालून नवं मांस भरत येतं.

"तीन आठवडे बघू," डॉक्टर म्हणाले. "भरलं तर पाय राहील. नाहीतर कापावाच लागेल."

आबांनी तरुणपणी मेंढरं राखलेली. ते म्हणाले, "मेंढराच्या जखमंत आमी हळद भरायचो. वढून काढायचं कुणाच्याच डोस्क्यात आलं न्हाई."

*

चौथ्या दिवशी मशीन ओरडायला लागलं. कुठूनतरी हवा शिरत होती. डॉक्टर आणि मी अर्धा तास पट्ट्या चिकटवत होतो. शेजारच्या खाटेवर सणसवाडीच्या कारखान्यातला फिटर होता, हाताला टाके पडलेला. तो उठला, आबांच्या पावलाला कान लावला आणि करंगळीशी बोट ठेवलं.

"यहाँ से. लीकेज आँख से नहीं मिलता, मैडम."

तिथं पट्टी लावली, मशीन गप्प! तेव्हापासून आम्हीही कानानंच शोधतो.

*

डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही, अशी आबांना ताकीद होती. एका सकाळी बघते तर आबा खिडकीशी उभे! सलाइनच्या स्टँडवर भार टाकून, डावं पाऊल उजव्या गुडघ्यावर ठेवून. डॉक्टर भडकले.

"टेकलाय कुठं?" आबा म्हणाले. "मेंढरांमागं आमी दिस दिस असंच उभं ऱ्हायचो."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. खरंच टेकला नव्हता. मग त्यांनी फक्त स्टँडऐवजी काठी द्यायला सांगितली.

*

तिसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग उघडलं आणि जखमेतून रक्त आलं. डॉक्टर चक्क हसले. दारात आबांची सून सुमन उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, रगात आलं आन् डॉक्टर हसत्यात. म्या रडू का नगं?"

"मेलेल्या मांसातून रक्त येत नाही, बाई," मी म्हटलं. "पाय राहिला."

मग ती रडली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

*

पुढं मांडीची कातडी लावून जखम मिटली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं, "मऊ चप्पल बनून येईपर्यंत अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. यांच्या वहाणा काढा."

सुमननं पिशवीतून वहाण काढली. एकच. उजव्या पायाची. तिनं मान खाली घातली.

"निघताना आबाच म्हणलं, दुसरी टाकून दे."

सुमननं घरी सासूला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आत्याबाई, आबांची डावी वहाण टाकली का वो?"

"टाकती कशाला?" म्हातारी म्हणाली. "रोज त्याल लावून ठिवतीया. मऊ लोण्यावानी झालीया."

आबांनी हातातली उजवी वहाण उलटीपालटी करून पाहिली. दीड महिना पिशवीत राहून ती वाळून कडक झाली होती. ते फोनकडे वाकले.

"आन् ह्या उजवीनं काय घोडं मारलं व्हतं?"